आईच्या पायावरची खळी

१४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील, बाळ आतून लाथा मारत असेल आणि भाऊजींचं घोरणं जागच्या जागी असेल असं धरून चालते. इकडे बाबा ठीक आहेत. त्यांनी परवापासून आपल्या घराचा पुढचा दरवाजा रंगवायला घेतलाय. लोकांची घरं रंगवण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या दाराला आत्ता कुठे मुहूर्त लागला, असं तेच सगळ्यांना सांगत सुटलेत. रंग निळा आहे. तुला आवडणार नाही.

पत्र घरी न पाठवता तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर का पाठवलं आणि फोन असताना पत्रच का, हे तुझ्या मनात आलं असेल. फोनवर बोलताना आई माझ्या शेजारी असते आणि सासूबाई तुझ्या शेजारी. शिवाय मी आधी रडते आणि मग बोलते, हे तुला माहीत आहे. मला हे नीट सांगायचं आहे. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा, बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

बसण्यावरून आठवलं. लॉन्ड्रीत स्टुलं आली हे तुला फोनवर सांगितलं होतं, पण कशी आली ते राहून गेलं.

तू लग्नाआधी इस्त्रीच्या हॉलमध्ये होतीस, तेव्हाचा खळीचा खेळ अजून तसाच चालू होता. कामाची पाळी संपली की सगळ्या बायका दाराजवळच्या बाकावर बसायच्या, साडी वर करून नडगीवर अंगठा दाबून धरायच्या आणि सोडायच्या. सुजलेल्या पायावर खळी पडायची. जिची खळी सगळ्यात उशिरा भरेल तिने सगळ्यात जास्त राबलं असं धरायचं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचं टेबल तिचं. तू असताना त्या टेबलावरून भांडणं व्हायची. तू गेल्यावर भांडणं संपली, कारण रोज आईच जिंकायला लागली. बाकीच्यांच्या खळ्या बघता बघता भरायच्या. आईची खळी तशीच राहायची. बाया पर्स आवरायच्या, केस विंचरायच्या, तरी राहायची. आई मान जरा तिरकी करून बघत बसायची. मुकादमीण तिला ‘पैलवान’ म्हणायला लागली होती.

मला हा खेळ कधीच आवडला नाही. माणसाच्या सुजलेल्या पायांवर बक्षीस लावायचं म्हणजे काय? पदवी झाल्यावर कामगार मदत केंद्रात लागले, तेव्हा पहिला अर्ज लॉन्ड्रीत स्टुलांसाठीच लिहिला. इस्त्री बसूनही करता येते. टेबलं थोडी खाली घ्यायची आणि उंच स्टुलं द्यायची, एवढंच. मालक म्हणाला, बसल्या की बायका पेंगतात. मग प्रकरण कामगार अधिकाऱ्यांकडे गेलं. तिथे मी आईला घेऊन गेले. तिला त्यांच्या खुर्चीसमोर बसवलं आणि म्हटलं, साहेब, बोलण्यापेक्षा हे बघा. आईने नडगीवर अंगठा दाबला आणि सोडला. तो भला माणूस खळीकडे बघतच राहिला. खळी भरेना तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्याच दिवशी त्याने सही केली.

स्टुलं आली तेव्हा बायकांनी माझा हात धरून मला हॉलभर फिरवलं. इतका आनंद मला पदवीचा कागद हातात घेतानाही झाला नव्हता. वाटलं, शिकण्याचा उपयोग असा असतो.

पुढचं आता सांगते.

स्टुलावर बसून काम सुरू झालं तशा बायकांच्या खळ्या उथळ होत गेल्या. काही जणींच्या तर पडेनाशाच झाल्या. काडी, ती तुझ्या टेबलाशेजारची बारकी मुलगी, आता चार मुलांची आई आहे, ती म्हणाली की बऱ्याच वर्षांनी मला माझा घोटा दिसला. सगळ्या हसल्या. आईची खळी मात्र होती तेवढीच राहिली. नंतर वाढायला लागली. आता गुडघ्यापर्यंत दाबलं तरी पडायची.

बायकांनी तिची टिंगल सुरू केली. पैलवान घरी जाऊनही उभी राहते की काय, नवऱ्याने अंगठे धरून उभं केलंय की काय. मुकादमीण तर म्हणाली की ही खिडकीच्या टेबलासाठी पायात पाणी भरून आणते. आईही हसली. पण मला त्या हसण्याने कसंतरीच झालं. कारण सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणावरून पाय खाली टाकायच्या आधीच तिचे पाय सुजलेले असतात, हे मी घरी बघत होते. रात्रभर झोपलेल्या माणसाचे पाय उभं राहून कसे सुजतील?

ताई, हा प्रश्न मला आधी का पडला नाही, हे विचारू नकोस. कोणालाच पडला नव्हता. प्रत्येक गोष्टीला लॉन्ड्रीत एक कारण तयार होतं. पाय सुजले, उभं राहून. पोटऱ्यांत गोळे आले, तेही उभं राहून. नडग्या खाजल्या तर कपड्यांच्या स्टार्चमुळे. नडगीवर निळे डाग पडले तर चादरींची ढकलगाडी लागली असेल. हात वाळले, दंडावर ब्लाउज ढिला झाला, ते कष्टाने. पोट पुढे आलं ते वयाने. हे सगळं एकाच बाईला एकाच वेळी होतंय, हे आम्ही एकदाही शेजारी शेजारी मांडून बघितलं नाही.

सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. बाबाही रंगाचं काम सोडून आले. डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आईला झोपवलं, पोटावर बोटं वाजवून बघितली, तळहात उलटे करून बघितले, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. मग नडगीवर अंगठा दाबला आणि सोडला.

आईने मान उचलली. चेहऱ्यावर अगदी बाकावर बसल्यावर असायचा तसा भाव. म्हणाली, “बघा तुम्ही. आता कितीतरी वेळ राहील. आमच्याकडे कोणाचीच एवढी राहत नाही.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या खळीकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. मला तिथेच कळलं की आपण कुठलीतरी फार मोठी चूक करून बसलो आहोत. त्या कामगार अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर मी जे बघून खूश झाले होते, तेच या बाईंच्या चेहऱ्यावर होतं. फक्त त्यांना त्याचा अर्थ माहीत होता.

त्यांनी विचारलं, दारू घेता का?

आईला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या रांगेत शिरलो. बाबा तर उभेच राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, “तिने कधी हातही लावला नाही. मी घेतो, सणासुदीला. मग मला का नाही झालं?”

हे वाक्य त्यांनी नंतर घरी अनेकदा म्हटलं. आपल्याच वाट्याचं काहीतरी चुकून बायकोच्या पानात वाढलं गेलं, असं त्यांना वाटतंय. त्या दिवसापासून बाटलीकडे त्यांनी बघितलेलं नाही. दरवाजा रंगवायला घेतला तोही म्हणूनच. हाताला काहीतरी काम हवं होतं.

आईचं यकृत खराब झालंय ताई. म्हणजे पोटात उजव्या बाजूला असतं ते. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. ते आकसून कडक झालंय. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, पण हिचे तर पाय दुखतात, यकृताचा पायांशी काय संबंध? वेंधळा प्रश्न होता, पण त्यांनी नीट समजावलं. यकृत रक्तात घालायला एक प्रथिन तयार करतं. ते पाण्याला नसांच्या आत धरून ठेवतं. यकृत थकलं की ते प्रथिन कमी पडतं, पाणी नसांतून पाझरतं आणि खाली उतरून पायांत साचतं. शिवाय कडक झालेल्या यकृतातून रक्त सहज जात नाही, ते मागे तुंबतं, म्हणून पोटातही पाणी होतं. नडग्यांची खाज, पायांतले गोळे, जरा लागलं की पडणारे डाग, सगळं त्याच एका ठिकाणाहून आलेलं. दुखणं पोटात होतं आणि आम्ही पायांकडे बघत होतो.

ज्या पायांच्या जोरावर मी स्टुलं मिळवली, ते पाय उभं राहून सुजलेलेच नव्हते. बाकीच्यांचे होते, आणि त्यांना स्टुलं हवीच होती, हे मला कळतं. तरीही त्या हॉलमध्ये पाय टाकवत नाही. बायका मला बघून अजूनही स्टूल पुढे करतात.

आता आईला मीठ जवळजवळ बंद आहे. पाणी काढून टाकायच्या गोळ्या आहेत. पायांखाली उशा घेऊन बसते आणि जेवण बेचव म्हणून बाबांना बोलते. लॉन्ड्रीतून सुट्टी घेतली आहे. तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मागे इस्त्रीचा आवाज का नसतो असं तू विचारलंस, तेव्हा ती म्हणाली की आज लवकर सुटले. ती खोटं बोलली आणि मी शेजारी बसून ऐकलं.

इथवर लिहिलं आणि पेन ठेवलं. केंद्रात एक माणूस पगाराची तक्रार घेऊन आला होता. त्याचं ऐकून घेतलं, पण काय ऐकलं ते आठवत नाही. आता पुन्हा लिहायला बसले आहे आणि अजून मुख्य गोष्टीपाशी आलेच नाही. मी तुला स्टुलांचं सांगितलं, दाराचा रंग सांगितला. आता मात्र सांगते.

दारू नाही तर मग यकृत खराब कशाने झालं, ते रक्ताच्या तपासणीत कळलं. हिपॅटायटिस बी. काविळीचा एक विषाणू असतो, तो अंगात शिरून वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. माणूस जेवतो, हसतो, इस्त्री करतो, आणि तो आत यकृत पोखरत राहतो. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का? तर आई सहज म्हणाली, आमच्या घरच्या बायकांचे पायच असे. माझ्या आईचेही शेवटी असेच झाले होते. पोटही फुगलं होतं, लोक म्हणायचे बाळंत होईल की काय या वयात.

डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं.

तो विषाणू जेवणातून, कपबशीतून, मिठी मारल्याने पसरत नाही. रक्तातून पसरतो, नवरा-बायकोत पसरतो, आणि आईकडून बाळाला जातो, बहुतेकदा जन्माच्या वेळी. आजीकडून आईला आला असावा. घरच्या बायकांचे पाय म्हणून आपण जे हसत हसत सांगत आलो, ते पाय नव्हतेच ताई. तो हा विषाणू होता.

तू मागच्या महिन्यात फोनवर म्हणालीस ना, की माझेही पाय सुजलेत, मी पण आता पैलवान. आई हसली होती. आता ते वाक्य आठवलं की ती भिंतीकडे तोंड करते.

बाबांची तपासणी झाली, त्यांच्यात काही निघालं नाही. त्यांना लस देणार आहेत.

माझ्यात निघाला.

घाबरू नकोस. मी घाबरायचं तेवढं घाबरून झालं आहे. कागदावर ते वाचलं तेव्हा वाटलं, नाव दुसऱ्या कोणाचं असेल. तीनदा वाचलं. मी आजवर कधी आजारी पडले नाही, शाळेत हजेरीचं बक्षीस मिळायचं मला, आणि हा जन्मल्यापासून माझ्यात बसलाय. सध्या माझं यकृत चांगलं आहे. ठरावीक काळाने तपासत राहायचं, गरज पडली तर रोज एक गोळी घ्यायची. लोक यात म्हातारे होतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. कळलं म्हणून बरं झालं, हेही त्या म्हणाल्या आणि मला ते पटतं. पण अजून हातापर्यंत उतरत नाही. काल भाजी चिरताना बोट कापलं तर मी सुरी टाकून लांब जाऊन उभी राहिले. माझ्याच रक्तापासून मी लांब पळाले.

माझ्यात आहे म्हणजे तुझ्यातही असू शकतो. नसेलही. पण तुला सातवा महिना चालू आहे आणि हे आत्ता कळणं फार महत्त्वाचं आहे. तुझ्या दवाखान्यात सुरुवातीला रक्त तपासलं असेल, त्यात ही तपासणी झाली असेल तर उत्तमच. पण ‘असेल’ वर बसून राहू नकोस. कागद काढ, डॉक्टरांसमोर ठेव आणि नाव घेऊन विचार. आईला आहे, बहिणीला आहे, हेही सांग. पायांच्या सुजेचंही सांग. गरोदरपणात पाय सुजतातच म्हणून सोडून देऊ नकोस, आपण ‘असतंच’ म्हणून खूप काही सोडून दिलं आहे. भाऊजींनाही तपासायला ने.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्यात निघाला तरी बाळाला त्यापासून वाचवता येतं. शेवटच्या महिन्यांत तुला गोळी लागली तर देतात, आणि बाळ जन्मलं की लगेच, त्याच दिवशी, त्याला लस टोचतात आणि सोबत आणखी एक इंजेक्शन देतात. पुढचे डोस वेळेवर घ्यायचे. आधी माहीत असेल तर सगळं तयार ठेवता येतं. आजीच्या वेळी हे कोणाला माहीत नव्हतं. आपल्या वेळी आईला कोणी सांगितलं नाही. तुझ्या बाळाच्या वेळी आपल्याला माहीत आहे.

हे तुला कळवायचं नाही असं आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं. दवाखान्यातून येताना, रस्त्यात उभी राहून. तिला भीती वाटते की सासरी कळलं तर ते तुला माहेरी आणून सोडतील, म्हणतील मुलगी देताना रोगही दिला. माझा आजवर समज होता की खरं बोलायला फक्त धीर लागतो. आता कळलं की दुसऱ्याच्या संसारावर खरं ठेवायचं असेल तर तेवढा धीर पुरत नाही. तरी मी ठरवलं होतं, वचन मोडायचं आणि तिला न सांगता पत्र टाकायचं.

१५ मार्च

पत्र काल टाकलं नाही. न सांगता टाकणं जमेना. आज सकाळी आईजवळ बसले आणि सांगितलं की मी ताईला लिहिलंय, सगळं.

ती पाय उशीवर टाकून बसली होती. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “म्हणजे तिला कळेल की मी दिलं.”

मी म्हटलं, तुला तरी कुठे माहीत होतं, तुलाही आजीने दिलंच की, आणि तिनेही मुद्दाम नाही. हे सगळं मी केंद्रात लोकांना समजावते तशा आवाजात बोलत होते. तिने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली की तुझं शिक्षण बाजूला ठेव, आणि बाळाचं डॉक्टरबाई काय बोलल्या तेवढंच सांग, त्यांच्याच शब्दांत. मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. बाबा दारात उभे होते, हातात ब्रश, निळा रंग फरशीवर टपकत होता आणि आई त्यांना बोलली नाही. ती त्यांना बोलली नाही तेव्हा मला खरी भीती वाटली.

शेवटी तिने विचारलं, पत्र पोचायला किती दिवस लागतात? मी म्हटलं, तीन-चार. तर म्हणाली, मग पत्र टाक आणि तूही जा. ती एकटीने वाचून एकटीने दवाखान्यात जायला नको. सासूबाईंशी मी फोनवर बोलेन. त्यांना काय म्हणायचं ते मला म्हणू देत.

तेव्हा मी सोमवारी तुझ्या दुकानात येते. दुकान उघडायच्या वेळी. तिथून आपण दोघी दवाखान्यात जाऊ. रक्त काढताना तुला बघवत नाही, तर माझ्याकडे बघ. पत्र माझ्याआधी पोचलं नाही तर मी समोर बसून वाचून दाखवेन, आणि या वेळी आधी रडणार नाही.

आईला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? ती लिही म्हणाली तसंच लिहिते, एक शब्द न बदलता:

“थोरले, माझा राग आला तर येऊ दे. नंतर खुशाल धर, आयुष्यभर धर. आधी रक्त तपासून घे.”

तुझी धाकटी,
आणि तिच्या शेजारी बसलेली आई